नवीन लॅपटॉप, जुना राउटर: वायफायवर पैसे घालण्याआधी एवढं तपासा



आजचा विषय तसा टेक्निकल आहे, पण तो शेवटी येऊन थांबतो गल्ल्यापाशीच. त्यामुळे "हे आपलं काम नाही" म्हणून सोडून देऊ नका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेवा केंद्रवाले, झेरॉक्सची दुकानं, टॅक्सचं काम करणारे, घरातूनच बिलं काढणारे गृहउद्योग, अशा कितीतरी जणांना त्यामुळे नवीन लॅपटॉप घ्यावा लागला किंवा आता घ्यायचा आहे. लॅपटॉपबरोबर वायफाय कार्ड नव्या पिढीचं येतं, वायफाय ६ नाहीतर ६ई. राउटर मात्र तोच. दहा वर्षांपूर्वी घेतलेला, भिंतीवर खिळ्याला अडकवलेला, दोन अँटेनावाला. मग प्रश्न येतो, "सर, पन्नास हजारांचा लॅपटॉप आणला, तरी नेट तेवढंच. कार्डात खोट आहे का? की दोघांचं जमत नाही?"

काहीजण वेगळा मार्ग घेतात. जुनाच लॅपटॉप ठेवतात आणि त्यात दीड-दोन हजारांचं नवीन कार्ड बसवून घेतात. त्यांचाही प्रश्न हाच असतो, फक्त खिशातून पैसे आधीच गेलेले असतात.

तर उत्तर आधी देतो. नवीन कार्ड जुन्या राउटरला जोडलं जातं. वायफायची प्रत्येक नवी पिढी मागच्या पिढ्यांशी बोलता येईल अशीच बनवलेली आहे. पण जोडलं जाणं वेगळं आणि पळणं वेगळं. शिरूरकडच्या लोकांना बैलगाडा शर्यत वेगळी समजावून सांगायला नको. जोडीतला एक बैल कितीही पळणारा असू द्या, दुसरा दमगीर असेल तर गाडा दुसऱ्याच्याच चालीने जाणार. नव्या कार्डाचं आणि जुन्या राउटरचं तसंच आहे. दोघांनाही येते ती जुनी भाषा ते बोलतात, आणि वेग त्या जुन्या भाषेचा मिळतो.

खोक्यावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा

वायफायच्या पिढ्या थोडक्यात बघू. २००३ ची ८०२.११जी, तिची कमाल ५४ एमबीपीएस. २००९ ची ८०२.११एन, जिला आता वायफाय ४ म्हणतात. मग ८०२.११एसी म्हणजे वायफाय ५, ही ५ गिगाहर्ट्झवर चालते. २०१९ पासून वायफाय ६ ची प्रमाणित उपकरणं आली आणि २०२४ पासून वायफाय ७ ची. आपल्या घराघरांत जो "३०० एमबीपीएस"वाला स्वस्त राउटर दिसतो तो वायफाय ४ चा. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. गंमत म्हणजे तो आजही दुकानात नवा मिळतो, म्हणून "माझा राउटर गेल्या वर्षीच घेतलाय" याला काही अर्थ नाही. घेतला कधी ते विचारू नका, पिढी कोणती ते विचारा.

आता हिशेब. नव्या कार्डाच्या खोक्यावर २४०० एमबीपीएस लिहिलेलं असतं. तो आकडा वायफाय ६ च्या राउटरसोबत, ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर, १६० मेगाहर्ट्झ इतकी रुंद वाट मिळाली तरच. हेच कार्ड ३०० वाल्या राउटरला जोडलं की कमाल ३००, आणि तेही ४० मेगाहर्ट्झची वाट मोकळी असेल तर. शेजारी चार राउटर असतील, आणि बाजारपेठेत ते असतातच, तर राउटर २० मेगाहर्ट्झवर येतो आणि जोडणी दाखवते १४४. त्यातलं प्रत्यक्ष हातात साधारण निम्मं पडतं, कारण वायफायमध्ये एका वेळी एकजण बोलतो आणि बाकीचे थांबतात. म्हणजे २४०० चं कार्ड, आणि डाउनलोड सत्तर-ऐंशी. कार्डाची यात काही चूक नाही.

आणखी एक अडथळा लोक बघतच नाहीत. या स्वस्त राउटरच्या मागचे केबलचे पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचे असतात. तुम्ही २०० चा फायबर प्लॅन घेतलात तरी त्या पोर्टातून शंभरच्या आतलंच बाहेर येणार. दर महिन्याला दुप्पट प्लॅनचे पैसे भरायचे आणि निम्मं पाणी पाईपातच अडवायचं, असा हा प्रकार.

मग जुन्या राउटरसोबत नवीन कार्डाचा कधीच फायदा नाही का? आहे, दोन ठिकाणी. स्वस्त जुन्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एकाच अँटेनाचं कार्ड असायचं. ते २० मेगाहर्ट्झवर ७२ च्या पुढे जात नाही. तिथे दोन अँटेनांचं कार्ड टाकलं तर त्याच राउटरवर १४४ होतात. दुसरं, राउटर ड्युअल बँड आहे पण जुन्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. अशा वेळी नवीन कार्डाने खरोखर फरक पडतो. बाकी ठिकाणी कार्डावर पैसे घालणं म्हणजे बोअरला पाणी नसताना मोटर बदलणं.

हे सगळं तुमच्याच लॅपटॉपवर दिसतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय आणि मग जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. खाली प्रोटोकॉल, सिक्युरिटी टाईप, नेटवर्क बँड आणि लिंक स्पीड अशा ओळी दिसतील. त्यांचा मोबाईलने फोटो काढून ठेवा. पुढचं सगळं निदान या चार ओळींवर चालतं.

खरी भानगड इथे होते

आतापर्यंत बोललो ते फक्त "हळू चालतं" याबद्दल. पण काही वेळा नवीन लॅपटॉप जुन्या राउटरला जोडलाच जात नाही, किंवा जोडला जातो आणि विचित्र वागतो. दुकानदार म्हणतो "कार्ड बदलून द्या", मेकॅनिक म्हणतो "राउटर बदला". प्रत्यक्षात बऱ्याचदा राउटरची एक सेटिंग बदलून काम होतं. शून्य रुपयांत.

सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे लिंक स्पीड बरोबर ५४ दिसणं. राउटर ३०० चा, कार्ड २४०० चं, आणि स्क्रीनवर ५४. हा आकडा दिसला की आधी राउटरच्या वायरलेस सिक्युरिटीत जा. तिथे "टीकेआयपी" निवडलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. टीकेआयपी ही जुनी, कच्ची सुरक्षा पद्धत. ८०२.११एन च्या नियमातच असं आहे की टीकेआयपी किंवा त्याहून जुनं डब्ल्यूईपी वापरलं तर एन चे वेग वापरायचेच नाहीत. त्यामुळे जोडणी २००३ च्या ५४ वर घसरते. तिथे "डब्ल्यूपीए२" आणि "एईएस" निवडा, सेव्ह करा, लॅपटॉपवर ते नेटवर्क फॉरगेट करून पुन्हा जोडा. तेवढ्यात तोच राउटर १४४ दाखवायला लागतो. शिवाय टीकेआयपीवर असाल तर २०१९ पासूनचं विंडोज "हे वायफाय सुरक्षित नाही" असा इशारा देतं. तो इशारा बरोबर आहे. गिऱ्हाईकांची आधार कार्डं आणि बँक पासबुकं ज्या कॉम्प्युटरवर स्कॅन होतात, त्याचं वायफाय कच्चं ठेवू नये.

दुसरी गोष्ट, मॅक फिल्टर. शेजारच्याने फुकट नेट वापरू नये म्हणून कुणीतरी केव्हातरी राउटरमध्ये ठराविक उपकरणांची यादी करून ठेवलेली असते. प्रत्येक वायफाय कार्डाला स्वतःचा एक पत्ता असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. कार्ड बदललं की पत्ता बदलला. पासवर्ड अगदी बरोबर टाकला तरी राउटर दार उघडत नाही, कारण यादीत नाव नाही. विंडोजमधलं "रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस" चालू असेल तर तोच गोंधळ पुन्हा होऊ शकतो, कारण मग लॅपटॉप खरा पत्ता सांगतच नाही. नवीन पत्ता यादीत घाला, किंवा सरळ फिल्टर काढून टाका आणि पासवर्ड चांगला ठेवा. माझं मत विचाराल तर फिल्टर काढाच. तो चोराला फारसा अडवत नाही, मालकाला मात्र हमखास अडवतो.

तिसरी, नेटवर्क दिसतच नाही. मोबाईलला दिसतं, नव्या लॅपटॉपला नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत मात्र सहसा ११ पर्यंतच. राउटर आपोआप १२ किंवा १३ वर गेला असेल आणि लॅपटॉप किंवा डोंगल परदेशातून कुणी आणलेलं असेल, तर ते तिकडे बघतच नाही. चॅनेल हाताने १, ६ किंवा ११ वर लावा. हे तीनच का? कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. बाजूचे सगळे ६ वर असतील तर तुम्ही १ किंवा ११ घ्या.

चौथी, डब्ल्यूपीए३. नवीन कार्डाला ते येतं, जुन्या राउटरला नाही. साधारणपणे कार्ड आपोआप डब्ल्यूपीए२ वर येतं, त्यामुळे याची भीती बाळगू नका. पण लॅपटॉपमध्ये कुणी हाताने फक्त डब्ल्यूपीए३ चं प्रोफाईल बनवून ठेवलं असेल तर जोडणी होणार नाही. उलट बाजूने, नवीन राउटर घेतलात आणि त्यावर "फक्त डब्ल्यूपीए३" लावलंत, तर तुमचा जुना वायफाय प्रिंटर बाहेर राहील. तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळून असलेला पर्याय ठेवा.

आणि पुन्हा पुन्हा तुटत असेल तर? आधी राउटरचा ॲडॉप्टर बघा. मूळचा गेला म्हणून घरातला दुसरा कुठलातरी लावलेला असतो. व्होल्ट जुळतात, पण ॲम्पिअर कमी. लोड वाढला की राउटर स्वतःच बंद-चालू होतो आणि नाव येतं कार्डावर. राउटरच्या खाली किती व्होल्ट, किती ॲम्पिअर लिहिलंय ते ॲडॉप्टरशी ताडून बघा. पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर ठेवलेला राउटर मे महिन्यात कसा तापतो हे हात लावला की कळेल. लॅपटॉपच्या बाजूला डिव्हाईस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे" अशा अर्थाची खूण काढा. सगळ्यात शेवटी ड्रायव्हर अपडेट करा. लोक सुरुवातच तिथून करतात.

कार्ड घ्यायचंच असेल तर

इथे फसगत सहज होते. इंटेलचं एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला इतर कार्डांसारखीच असतात, पण ती फक्त ठराविक इंटेल प्रोसेसरच्या मशीनमध्येच चालतात, कारण अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूला ठेवलेलं असतं. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही साध्या पीसीआय जोडणीवर चालतात. स्वस्त मिळालं म्हणून एएक्स२०१ आणलं आणि एएमडीच्या लॅपटॉपमध्ये घातलं, तर ते दिसणारही नाही. फार जुन्या लॅपटॉपमध्ये खाचच वेगळी, मिनी पीसीआय एक्सप्रेसची असते. काही कंपन्यांच्या जुन्या मॉडेलमध्ये बायोसने मान्य केलेलं कार्डच चालतं. आणि या नव्या कार्डांना विंडोज ७ चे ड्रायव्हर नाहीत. म्हणून लॅपटॉप उघडून जुन्या कार्डाचा नंबर आणि खाच बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

डेस्कटॉपला यूएसबी डोंगल लावत असाल तर एक छोटी गोष्ट. यूएसबी ३ चं पोर्ट आणि त्याला लावलेली हार्डडिस्क २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक टिपण काढलं होतं. डोंगल हार्डडिस्कला चिकटून लावू नका. एक्स्टेन्शन केबलने अर्धा मीटर लांब घ्या, फरक पडतो.

पैसे कुठे घालायचे

आधी एक चाचणी. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. बारीक लॅपटॉपला केबलचं पोर्ट नसेल तर यूएसबी ते लॅन ॲडॉप्टर कुणाकडून तरी मागून आणा. केबलवर प्लॅनइतका वेग येतो आणि वायफायवर येत नाही, तर दोष वायफायचा. केबलवरही येत नाही, तर दोष लाईनचा किंवा राउटरच्या त्या १०० वाल्या पोर्टाचा. मग कार्ड बदलून उपयोग नाही. ही दहा मिनिटांची चाचणी न करता हजारोंची खरेदी होते, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आता धंद्याचा हिशेब. समजा शिरूरला तहसील कार्यालयाच्या आसपास तुमचं ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. एका फॉर्ममागे तुम्हाला ३० रुपये सुटतात. पोर्टल आधीच गर्दीने अडलेलं, त्यात तुमचं वायफाय तुटतं, आणि दिवसाला पाचजण "जाऊ द्या, पलीकडे करतो" म्हणून उठून जातात. दिवसाचे १५० रुपये गेले, महिन्याच्या २५ दिवसांचे ३७५०. ड्युअल बँड राउटर साधारण दीड ते दोन हजारांत येतो. दोन हजार धरले तरी चौदाव्या दिवशी वसूल. पण हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा दोष राउटरचाच आहे. दोष टीकेआयपीचा असेल तर तुमचे दोन हजार उगाच गेले.

आणि खरं सांगायचं तर ज्या कॉम्प्युटरवर पैसे मिळतात तो वायफायवर ठेवूच नका. टेबल हलत नाही, कॉम्प्युटर हलत नाही, मग हवेतून कशाला? दहा मीटर केबल आणि दोन कनेक्टर, खर्च काही शेकड्यांत. वायफाय मोबाईलला आणि प्रिंटरला राहू द्या.

राउटर घेताना जागा बघून घ्या. दौंडला जुन्या दगडी बांधकामाच्या खोल्या आहेत, शिरूरच्या जुन्या पेठेत जाड भिंतींची घरं आहेत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण दगडी भिंतीपलीकडे त्याचा जीव जातो. तिथे २.४ च पोचतं. म्हणून "५ गिगाहर्ट्झवाला महाग राउटर घेतला तरी आतल्या खोलीत येत नाही" अशी तक्रार होते. भीमेच्या दोन्ही काठांना, न्हावरा, पारगाव, केडगावकडे, घर एकीकडे आणि गोठा, पॅकिंगची शेड किंवा गुऱ्हाळ दुसरीकडे अशी रचना असते. मध्ये ऊस उभा असेल तर विचारायलाच नको. ओला पाला सिग्नल पितो. तिथे राउटरची पिढी बदलून काही होणार नाही, तिथपर्यंत केबल न्यावी लागते किंवा वेगळा आउटडोअर सेट लावावा लागतो.

यातच एक छोटा धंदा आहे

ज्यांना कॉम्प्युटर रिपेअरिंगची आवड आहे त्यांनी हा भाग नीट वाचा. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांकडे आयटीची स्वतःची माणसं असतात. पण त्यांच्याभोवतीच्या मेस, खोल्या भाड्याने देणारे, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, छोटे जॉबवर्कवाले, क्लासेस, दवाखाने यांच्याकडे कुणी नसतं. त्यांना कार्ड नको, राउटर नको. त्यांना "नेट नीट चाललं पाहिजे" एवढंच हवं असतं.

त्यांना वस्तू न विकता तपासणी विका. जाताना बॅगेत एक लॅपटॉप, एक चांगली केबल, यूएसबी ते लॅन ॲडॉप्टर, एक जादा १२ व्होल्टचा आणि एक ९ व्होल्टचा ॲडॉप्टर. आधी त्या चार ओळींचा फोटो, मग केबलवर स्पीड टेस्ट, मग राउटरच्या सेटिंग्ज, मग पुन्हा स्पीड टेस्ट. आधीचा आणि नंतरचा आकडा एका कागदावर लिहून गिऱ्हाईकाला द्या. तपासणीची फी आधीच ठरवा आणि सांगा, दोष सेटिंगमध्ये निघाला तरी फी लागेल. सुरुवातीला लोक म्हणतील, "एक बटण दाबायचे एवढे पैसे?" तेव्हा शांतपणे सांगा, बटण दाबायचे नाहीत, कुठलं दाबायचं ते कळण्याचे आहेत. आणि तुमच्यामुळे त्यांचे राउटरचे दोन हजार वाचले ते कागदावर दिसतंच.

एक पथ्य मात्र पाळा. राउटरवर कमिशन मिळतं म्हणून प्रत्येकाला राउटर बदलायला लावू नका. तालुक्याच्या गावात एक चुकीचा सल्ला दोन आठवड्यांत सगळ्या बाजारपेठेत पोचतो. सेटिंग्ज बदलण्याआधी जुन्या सेटिंग्जचाही फोटो घ्या, विशेषतः इंटरनेट लाईनचं युजरनेम वगैरे असलेल्या पानाचा. गिऱ्हाईकाचा पासवर्ड स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवू नका, त्याच्याच वहीत लिहून द्या.

नवीन राउटर बसवलाच तर जुना भंगारात देऊ नका. त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करा आणि पत्ता बदला. नवा १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या, दोघांचा एकच राहिला तर दोन्ही गोंधळतील. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा. मग नव्या राउटरच्या लॅन पोर्टातून केबल काढून जुन्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅन पोर्टात नाही. आतल्या खोलीत किंवा शेडमध्ये २.४ चं वायफाय तयार. प्रिंटर आणि कॅमेरे तिकडे टाका, नवा राउटर कामाच्या लॅपटॉपला मोकळा राहील.